पाणमांजर एका शब्दात

सगळ्या घोटाळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या घरातलं कोणीतरी तुम्हाला सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल. तिखटमीठ लावण्याचं खातं खरं तर माझं. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या मोठ्या जाऊबाईंची आहे, आणि त्यांच्या गोष्टीत मी पदरचं काही घातलं तर त्या माझ्याशी आठ दिवस बोलणार नाहीत. म्हणून जसं घडलं तसं सांगते.

जाऊबाई पाणीखात्यात मीटर वाचायच्या. नदी आमच्या वस्तीला वळसा घालून जाते, त्या वळशाच्या आतली सगळी घरं त्यांची. पाठीला पाठ लावलेली दोनमजली घरं, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं परस, आणि शेवटच्या रांगेच्या पलीकडे लव्हाळं, चिखल आणि पाणी. रोज सकाळी खांद्याला पिशवी लावून त्या निघायच्या. पिशवीत वही, फडकं, आणि हातभर लांबीचा लोखंडी आकडा. आकड्याने मीटरचं झाकण उचलायचं, गुडघे टेकून काच पुसायची, मग काचेतला आकडा मोठ्याने वाचायचा, लिहायचा, आणि लिहिलेला पुन्हा काचेशी ताडून बघायचा. ताई, तुमच्या एका हातात आकडा आणि दुसऱ्या हातातही आकडाच, असं मी चिडवायचे. त्या हसायच्या नाहीत. हसायला त्यांना खात्याची लेखी परवानगी लागत असावी.

घर बंद असलं की बाकीचे मीटरवाले ‘सरासरी’ असं लिहून पुढे जात. जाऊबाई तीन-तीनदा जायच्या. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा हट्ट. घरातही तेच. दूध उतू जातंय म्हणून मी ओरडले, तर त्या आधी येऊन पातेल्यात बघणार आणि मग गॅस बंद करणार. सासूबाई म्हणायच्या, मी गेले तरी ही आधी नाडी बघेल, मगच रडेल. आणि मी पडले शिवणकाम करणारी. खिडकीशी मशीन, पडदे आणि विजारी शिवते. माणूस दारातून आत आला की मी नजरेनेच माप सांगते, दोन बोटं इकडेतिकडे झालं तर शिलाईत जिरवते. आमच्या दोघींचं एका स्वयंपाकघरात जमलं कसं, हे लोकांना कोडंच होतं.

त्यांच्या फेरीतला शेवटचा मीटर होता बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचा. अगदी पाण्याला लागून. कारखान्याला कुलूप लागून अकरा वर्षं झाली होती, मीटर तसूभर हलला नव्हता. तरी दर महिन्याला ह्या बाई लव्हाळ्यातून वाट काढत जाणार, झाकण उचलणार, काच पुसणार, आणि गेल्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहिणार. खात्यातले लोक मागून हसायचे. मी तोंडावर हसायचे.

पण त्या हट्टापायी एक गोष्ट झाली. कारखान्याचा जुना धक्का मोडून पाण्यात कलला होता, त्याच्या खाली त्यांना चिखलात पावलं दिसली. पाच बोटांची, बोटांमध्ये पातळ पडदा असल्यासारखी. शेजारच्या दगडावर विष्ठा, तिच्यात माशांचे खवले चमकत होते. उतारावर चिखल गुळगुळीत झालेला, कोणीतरी घसरगुंडी खेळल्यासारखा. त्यांनी वाचनालयात जाऊन चित्रांचं पुस्तक उघडलं, पाऊल ताडून बघितलं. पाणमांजर! आमच्या वस्तीच्या मागे, आमच्या धुण्याच्या दोऱ्यांपासून दोनशे पावलांवर पाणमांजर राहतं, ही बातमी त्यांनी मला अशी सांगितली, जशी कोणी नळाला वायसर लागेल म्हणून सांगतं. मी मात्र सुई टोचून घेतली बोटात. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या विजारीला मी दोन्ही पाय डावे शिवले.

पुढची सहा वर्षं दर महिन्याला त्या पावलं बघून यायच्या. खंड्या बसलेला, पाणकोंबडी पिल्लांना घेऊन निघालेली, हे सगळं रोजचं. पण पाणमांजर स्वतः काही दिसलं नाही. दिसतं कुठे ते, पहाटेचा प्राणी, आणि त्या पोचायच्या अकराला. सहाव्या वर्षी मात्र मोठ्या पावलांच्या बाजूला लहान पावलं उमटली. त्या दिवशी जाऊबाई घरी आल्या त्या चपला न काढताच आत आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या दारावर कागद चिकटला. नदीकाठी भिंत आणि वर फिरायचा रस्ता होणार. लव्हाळं काढणार, धक्का उचलणार. हरकत असल्यास पंधरा दिवसांत प्रभाग कार्यालयात लेखी कळवावी.

जाऊबाईंनी सांगितलं, मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे ना! ‘धक्क्याखाली पाणमांजर व पिल्ले यांचा वावर आहे, तरी काम थांबवावे.’ आता काय झालं, ओळ संपत आली. कागदाच्या कडेला ‘पाण’ एवढंच मावलं. कापड कमी पडलं की मी काय करते, जोड देते. तसंच केलं. ‘मांजर’ खालच्या ओळीवर घेतलं आणि वळणदार सही करायला जाऊबाईंपुढे कागद सरकवला. त्यांनी प्रत्येक शब्द वाचला. पण कडेला तुटलेला शब्द त्यांनाही खटकला नाही, कारण आम्हा दोघींच्या डोक्यात तो जोडलेलाच होता.

अर्ज दिल्याच्या बाराव्या दिवशी, सोमवारी, दारात गाडी थांबली. जाळ्या, पिंजरे, हातमोजे घातलेली तीन माणसं. त्यांच्यातल्या म्होरक्याने कागद काढून वाचला, विषय, नदीकाठी मांजर व पिल्ले यांचा उपद्रव. झालं! कारकुनाने खालच्या ओळीवरून वाचायला सुरुवात केली होती, आणि वरचं ‘पाण’ त्याला पाण्याचा अर्धवट राहिलेला शब्द वाटला. मी कपाळावर हात मारून घेतला. मांजरवाल्याला मी परोपरीने सांगितलं की हे ते मांजर नाही. तो म्हणाला, बाई, मांजर ते मांजर, आम्हाला रंगाचं काही नाही. आणि तिघे जण ते अवजड बूट घालून धक्क्याभोवती तासभर असे नाचले की सहा वर्षांची पावलं चिखलात कालवून टाकली. दगडावरची विष्ठासुद्धा एकाने बुटाने पाण्यात लोटली, घाण आहे म्हणून.

जाऊबाई संध्याकाळी तिथे जाऊन आल्या. जेवताना एवढंच म्हणाल्या की चिखलावर आता फक्त बुटांचे आकडे आहेत, नऊ आणि दहा नंबरचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कार्यालयात. कारकुनाला पाणमांजर म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी विद्वत्ता दाखवायला त्याचं दुसरं नाव सांगितलं, अहो, ऊद, ऊद. त्याने चष्मा वर करून विचारलं, ऊद कोण जाळतंय नदीवर, धुराची तक्रार समोरच्या खोलीत. शेवटी जाऊबाईंनी पेन घेऊन त्याच्या कागदावर चित्र काढलं. चपटं डोकं, मिशा, जाड निमुळती शेपटी. त्यांनी चित्र काढलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. कारकून ओशाळला, आणि स्वतः उठून त्याने वन्यजीव खात्याला फोन लावला. माणूस वाईट नव्हता.

बुधवारी दुपारी त्या खात्याच्या बाई आल्या. उंच, सडसडीत, गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी धक्का बघितला, चिखल बघितला, मान हलवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. उद्या दहाला यंत्र येणार. इथे प्राण्याचं घर आहे असं त्यांनी लिहून दिलं तर काम तिथेच थांबेल. पण लिहायला आधार हवा. पावलं पुसली गेलेली, खुणा नाहीत, मग कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेलं हवं. खिशात कॅमेरे असण्याच्या आधीचे दिवस ते, माणसाचा शब्द हाच काय तो फोटो. त्यांनी आम्हा दोघींना एकेक छापील कागद दिला. त्यावर पहिलाच प्रश्न, ‘प्राणी प्रत्यक्ष पाहिला का?’ पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

मी फटकन ‘होय’वर खूण केली. का नाही करणार? लहान पिल्लं आहेत धक्क्याखाली, उद्या त्यांच्या डोक्यावर यंत्र येणार, आणि सगळं माझ्या एका तुटक्या ओळीमुळे. वर्णनही लिहिलं, भरघोस. जाऊबाईंनी कागद गुडघ्यावर ठेवला, बराच वेळ बघितला, आणि ‘नाही’वर खूण केली.

बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग मला हळूच विचारलं, शेपटी झुपकेदार होती म्हणता? मी म्हटलं, तर काय, अगदी झुपकेदार. त्यांनी माझा कागद घडी घालून वेगळ्या खिशात ठेवला. तेव्हा मला कारकुनाच्या टेबलावरचं चित्र आठवलं. उद्या नऊला येते, बाई म्हणाल्या, तोवर काही सापडलं नाही तर माझा इलाज नाही.

घरी येऊन मी जाऊबाईंवर अशी तुटून पडले की सासूबाई मध्ये आल्या. एका खुणेने काय बिघडणार होतं? पुस्तकात बघून सगळं ठाऊक होतं ना तुम्हाला? तुम्ही ‘होय’ म्हटलं असतं तर बाईंनी डोळे मिटून मानलं असतं! बोलू नये ते बोलले. मीटरच्या काचेपलीकडे तुम्हाला जीव दिसतच नाही, असंसुद्धा बोलले. त्या कणीक मळत होत्या, हात थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या,

“मी एकदा न बघता लिहिलं, तर माझं सव्वीस वर्षांचं लिहिणं कोणी का मानावं?”

मग कणकेचा गोळा झाकून म्हणाल्या, “पहाटे जाते. येणार असशील तर लवकर झोप.”

झोप कुठली! पहाटे झुंजुमुंजू झालं तशा आम्ही निघालो. लव्हाळं दवाने ओलं, पदर भिजला, चपला चिखलात रुतल्या. जाऊबाई मात्र एरवीसारख्याच, खांद्याला पिशवी. एवढ्यात एक आवाज आला. शिट्टी. बारीक, तीक्ष्ण, पुन्हा पुन्हा. आणि तिला उत्तर म्हणून एक किरटी चिवचिव. जाऊबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

मांजरवाला हट्टी निघाला होता. हुकुमात मांजर लिहिलंय तर मांजर न्यायलाच हवं, म्हणून बुधवारी संध्याकाळी त्याने धक्क्याशेजारी पिंजरा लावला होता, आत मासा ठेवून. आणि त्या पिंजऱ्यात, अहो, त्या पिंजऱ्यात ते होतं! पिल्लू! ओल्या मखमलीसारखं अंग, चपटं डोकं, बटणाएवढे डोळे. जाळीला नाक लावून ते चिवचिवत होतं. आणि बाहेर त्याची आई. बाई गं, काय तिचा जीव! पिंजऱ्याभोवती फिरत होती, जाळी चावत होती, आम्हाला बघून पाण्यात उडी मारायची आणि पुन्हा वर यायची. शेपटी जाड, निमुळती, अगदी चित्रातल्यासारखी. झुपका नावालाही नाही.

मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. मिळालं! पुरावा मिळाला, तोही पिंजऱ्यात बंद! आता नऊपर्यंत इथेच बसायचं, बाई येतील, बघतील, काम थांबेल. मी खालीच बसले.

जाऊबाई बसल्या नाहीत. त्या पिल्लाच्या नाकाकडे बघत होत्या. जाळीला घासून घासून ते सोललं होतं, रक्त आलं होतं. चिवचिव मघापेक्षा बारीक झाली होती. आणि आई जाळी चावता चावता दात मोडून घेईल की काय असं वाटत होतं. नऊला अजून तीन तास होते.

त्यांनी पिशवीतून आकडा काढला.

ताई, थांबा, मी म्हटलं, हे सोडलंत तर आपल्या हातात काही उरणार नाही. माझा शब्द तर खिशात घडी होऊन पडलाय. तुमचा ‘नाही’ आहे. पिंजरा हाच काय तो आपला साक्षीदार. मी त्यांचा पदर धरला, खोटं कशाला सांगू, अक्षरशः धरून ठेवला. त्यांनी तो माझ्या हातातून सोडवला.

“बघायचं होतं ते बघून झालं,” त्या म्हणाल्या.

लांबून, आईला धक्का लागू नये अशा बेताने, त्यांनी आकडा पिंजऱ्याच्या दाराला अडकवला आणि वर उचलला. हजारो झाकणं उचललेला हात तो, जराही खडखड झाली नाही. पिल्लू क्षणभर तसंच. मग आईने शिट्टी घातली आणि दोघं उतारावरून घसरत पाण्यात. एक मोठी रेघ, एक लहान रेघ, धक्क्याखाली गेली आणि मिटली. जाऊबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, मीटरपुढे बसतात तशाच. गाल ओले होते. फडकं काढून त्यांनी डोळे पुसले, काच पुसायचं तेच फडकं.

नऊच्या आधीच यंत्र येऊन उभं राहिलं. बाई आल्या. मांजरवालाही आला, रिकामा पिंजरा बघून माझ्यावर डाफरला, मी त्याच्यावर दुप्पट डाफरले. मग मी बाईंना सगळं सांगायला लागले, पिल्लू, शिट्टी, नाक, रक्त, एका दमात, शब्दाला शब्द खरं. आणि सांगता सांगता मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की त्या ऐकताहेत खऱ्या, पण एक अक्षरही मानत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न घालता बोलत होते, आणि ते कवडीमोल होतं. मी बाजूला झाले.

जाऊबाईंनी कोरा कागद मागितला. पिंजऱ्यावर ठेवूनच भरला. ‘होय’वर खूण. किती, दोन. एक मोठे, एक लहान. वेळ, सहा वाजून दहा मिनिटे. मग लिहिलेलं एकदा धक्क्याकडे बघून ताडलं आणि कागद दिला.

बाईंनी विचारलं, “पिंजऱ्यात होतं म्हणता. मग दाखवायला काय आहे?”

“काही नाही. सोडून दिलं.”

“का?”

“त्याला रक्त येत होतं.”

यंत्रवाल्याने घड्याळ बघितलं. बाईंनी आतल्या खिशात हात घातला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी काढला तो कालचा कागद, जाऊबाईंचा. तो आजच्या कागदाशेजारी पिंजऱ्यावर पसरला आणि ‘नाही’च्या खुणेवर बोट ठेवलं.

“दाखवायला हे आहे ना,” त्या म्हणाल्या. “काल एका खुणेत काम झालं असतं, तेव्हा ज्यांनी ही खूण केली, त्या आज ‘होय’ म्हणताहेत. मला आणखी काय हवं?”

आणि तिथेच, पिंजऱ्यावर कागद ठेवून, त्यांनी काम थांबवण्याचं पत्र लिहिलं. यंत्र मागे वळायला लागलं तेव्हा मी जाऊबाईंच्या गळ्यात पडून रडले. भर चिखलात, यंत्रवाल्यादेखत! त्या म्हणाल्या, सोड, आजचे मीटर राहिलेत.

भिंत झाली पुढे, पण वळशाच्या त्या टोकाला तिने अंग चोरलं. लव्हाळं आहे, धक्का आहे. वर्षाने तिथे खात्याची पाटी लागली, आणि रंगाऱ्याने काय लिहिलं होतं म्हणता? ‘पाण मांजर संरक्षित क्षेत्र’. मध्ये बोटभर जागा! मी घरून ब्रश आणि काळा रंग घेऊन गेले, आणि दोन शब्दांवरची रेघ नीट जोडून एक केली. जाऊबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या, सरळ आली की नाही ते.

आता त्या निवृत्त आहेत. सकाळी फिरायच्या रस्त्याने आम्ही दोघी जातो, टोकाशी थांबतो. नवे लोक विचारतात, यंदा किती दिसली हो? माझ्या जिभेवर लगेच सात येतं. मी एकदा जाऊबाईंकडे बघते आणि म्हणते, तीन. तीनच दिसली.